एनएफएल (अमेरिकन फुटबॉल): कॅन्सस सिटी चीफ्सची रिसीव्हर फळी (पास झेलणारे खेळाडू) खरंच दुबळी आहे?

ओव्हरलँडपार्ककर: परवा इथे एकाने लिहिलं, "सुपर बोल 40-22 असा गेला तो रिसीव्हरांमुळे. लीगमधली सर्वांत दुबळी फळी, सगळ्यांना हाकला." वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. फेब्रुवारी 2025 चा तो सामना, म्हणजे लीगचा अंतिम, पाहिला होतात का? ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ (पास फेकणाऱ्यावर जादा खेळाडू सोडणं) केलं नाही. पुढच्या चौघांच्या रेट्यावर आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या महोम्सला, सहा वेळा सॅक केलं (पास फेकण्याआधीच पाडलं). क्वार्टरबॅकला राखणाऱ्या आपल्या लाइनमधला थुनी मुळात गार्ड (आतल्या जागेचा), त्याला लेफ्ट टॅकलला (डाव्या टोकाला) उभं करावं लागलं. मध्यंतराला आपले एकूण यार्ड किती, तर 23! रूट (रिसीव्हरचा ठरलेला धावमार्ग) पूर्ण व्हायच्या आत क्वार्टरबॅक आडवा होत असेल तर रिसीव्हरने काय करायचं?
फळी जोखायची तर 2024 चा सगळा हंगाम बघा. रिसीव्हर राईसने पहिल्या तीन सामन्यांत 24 झेल आणि 288 यार्ड काढले. चौथ्यात प्रतिस्पर्ध्याला पाडायला धावलेला महोम्सच त्याच्या गुडघ्यावर आदळला आणि त्याचा हंगाम संपला. हॉलिवूड ब्राउन खांद्यामुळे डिसेंबरपर्यंत बाहेर. ऐन हंगामात टेनेसीकडून हॉपकिन्स आणावा लागला. एवढं होऊन 15 विजय, 2 पराभव.

पहाटेचा_टचडाउन: ते लिहिणारा मीच. आणि सामना पाहिला का, हे मला विचारू नका. नाशिकमध्ये सोमवारी पहाटे पाचला बसून पूर्ण पाहिला आणि तसाच ड्युटीवर गेलो. दुखापतींचं सांगताय, मग 2023 चं काय? पहिल्याच सामन्यात आपल्या रिसीव्हर टोनीच्या हातावरून उडालेला चेंडू लायन्सच्या ब्रांचने थेट टचडाउनला नेला, 21-20 हरलो. ईगल्सविरुद्ध वाल्डेस-स्कँटलिंगने शेवटी हातात आलेला झेल सोडला, सामना गेला. बिल्सविरुद्ध टोनी ऑफसाइड (खेळ सुरू होण्याआधीच रेषेपुढे), केल्सीचा तो अप्रतिम लॅटरल (मागे टाकलेला पास) वाया. तेव्हाही लाइनच दोषी का? मार्च 2022 मध्ये रिसीव्हर टायरीक हिलला मायामीला दिलं, तिथून ही घसरण सुरू झाली.

अ‍ॅरोहेडवारी: आलात शेवटी हिलवर! त्याच्या बदल्यात पाच पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) मिळाल्या. पहिल्या फेरीतली पुढे सरकवून बचावपटू मॅकडफी आणला. त्यानंतर लागोपाठ दोन सुपर बोल जिंकलो. ही घसरण म्हणायची?

पहाटेचा_टचडाउन: आणि दुसऱ्या फेरीतल्या पिकमधून न चाललेला रिसीव्हर स्काय मूर आला, ते बरं गाळलंत! हिलने 2023 मध्ये 119 झेल, 1,799 यार्ड काढले. आपल्याकडे त्या वर्षी हजार यार्ड एकानेही ओलांडले नाहीत, केल्सी 984 वर थांबला.

अ‍ॅरोहेडवारी: जानेवारी 2024 मध्ये तोच हिल मायामीबरोबर प्लेऑफला (बाद फेरीला) इथे कॅन्सस सिटीत आला. उणे 20 सेल्सिअस. मी मुलाला घेऊन स्टेडियममध्ये होतो, अंगावर कपड्यांचे थर चढवूनही बोटं बधिर झाली होती. काही प्रेक्षकांना फ्रॉस्टबाइट होऊन बोटं गमवावी लागली. हिलने 53 यार्डांचा एक टचडाउन केला, मायामीचे तेवढेच गुण, सामना आपण 26-7 जिंकला. आणि त्या थंडीत आमच्या नवख्या राईसने 8 झेल, 130 यार्ड, एक टचडाउन केला. डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही आकडे कुरवाळत बसा.

पहाटेचा_टचडाउन: तिकीट काढून थंडीत बसलं म्हणजे खेळ जास्त कळतो असं नाही. एका रात्रीवरून आख्खी फळी ठरवणार?

ओव्हरलँडपार्ककर: तुम्हीही एका रात्रीवरूनच ठरवलीत! आणि धागा हिलवर नाहीये.

सिनसिनाटीची_ताई: हिल-हिल करणाऱ्यांनी एक हंगाम बेंगॉल्सबरोबर काढावा. आमच्या चेसने 2024 मध्ये 127 झेल, 1,708 यार्ड, 17 टचडाउन केले. तिन्हींत लीगमध्ये पहिला. जोडीला हिगिन्स. तरी 9-8 आणि प्लेऑफला घरी. बाल्टिमोरला चेसने एकट्याने 264 यार्ड काढले आणि आम्ही 35-34 हरलो. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. बचावच नसेल तर जगातली सर्वांत भारी रिसीव्हर फळी घेऊन करायचं काय?

पहाटेचा_टचडाउन: ताई, तुमचा बचाव खराब म्हणून आमचे रिसीव्हर चांगले होत नाहीत.

सिनसिनाटीची_ताई: तसं म्हटलेलंच नाही. रिसीव्हरांवर किती खापर फोडायचं एवढंच म्हणतेय. आणि केल्सीला या फळीत धरताय की नाही, ते तरी आधी ठरवा.

ओव्हरलँडपार्ककर: धरायलाच हवा. टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) असला तरी 2024 मध्ये 97 झेल आहेत त्याचे, संघात सर्वाधिक.

पहाटेचा_टचडाउन: हेच तर दुखणं आहे! पस्तिशीतला टाइट एंड सर्वाधिक झेल घेतो, 823 यार्डांवर थांबतो, आणि त्याच्यापुढे एकही रिसीव्हर नाही. तुम्हीच माझी बाजू मांडलीत. सहा सॅकवर लाइन खराब होती हे मान्य, करावंच लागेल. पण नवखा रिसीव्हर झेव्हियर वर्दी, त्याचे सुपर बोलमधले 157 यार्ड दाखवून त्या रात्री फळी चालली असं म्हणू नका. ते बहुतेक आपण 34-0 ने मागे पडल्यावरचे आहेत.

अ‍ॅरोहेडवारी: नवख्याने सुपर बोलमध्ये दोन टचडाउन केले, त्यातही खोट!

ओव्हरलँडपार्ककर: 34-0 नंतरचे बहुतेक, हे खरंय. तरी राईस परत येईपर्यंत मी या फळीला दुबळी म्हणणार नाही. आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिली पिक रिसीव्हरवर घालवली तर मी इथेच येऊन भांडेन. टॅकल आणा.

पहाटेचा_टचडाउन: टॅकल आणा, पण चेंडू झेलणाराही आणा. भांडायला मी आहेच.