रडारड नको, मारामारी नको

शुक्रवार, रात्र

अ-२०३ काकू: उद्या-परवा घरी आम्ही दोघंच आहोत. एखादा सिनेमा सुचवा ना कुणीतरी. रडारड नको, मारामारी नको. प्रेमाचा असला तरी चालेल, पण हलकाफुलका.

ड-३०२: सैयारा 😄

अ-२०३ काकू: रडारड नको म्हटलं ना रे. तो बघून आमच्या लेकीचे डोळे सुजले होते.

क-५०४: काकू, मी सांगते. मी काही समीक्षक वगैरे नाही हं. महिन्यातून एक-दोन सिनेमे बघते, त्यातला एक पेंगत. पण अलीकडचे रोमकॉम बरेच बघून झालेत आणि माझी एकच तक्रार आहे. मध्यावर कधीतरी ते दोघं ज्या कारणावरून रुसतात ना, ते एका फोनवर मिटण्यासारखं असतं. हा करत नाही, ती उचलत नाही. का? तर सिनेमा अजून पाऊण तास चालवायचाय.

ड-३०२: उदाहरण द्या ताई, हवेत गोळीबार नको

क-५०४: 'एनीवन बट यू' घे, २०२३चा. सिडनी स्वीनी आणि ग्लेन पॉवेल. पहिल्याच भेटीत रात्रभर गप्पा होतात. सकाळी ती न सांगता निघते, मग चुटपुट लागून परत येते, तर हा मित्राजवळ तिच्याबद्दल वाईटसाईट बोलत असतो. ते हिच्या कानावर पडतं. झालं, वैर! दोघं देखणे, ऑस्ट्रेलिया त्यांच्याहून देखणी, मला हसूही आलं. पण सारखं वाटत होतं, अगं बाई, विचार ना त्याला एकदा, असं का बोललास म्हणून.

ब-१०१ सर: तुम्ही जरा अन्याय करताय. ती गोष्ट शेक्सपिअरच्या 'मच अडो अबाउट नथिंग'वर बेतलेली आहे. आडून ऐकणं हाच त्या नाटकाचा कणा. चारशे वर्षांपूर्वीसुद्धा माणसं एकमेकांना सरळ विचारत नव्हती.

क-५०४: मान्य सर. पण नाटकात आडून ऐकल्यामुळे ते जवळ येतात ना? मित्र मुद्दाम त्याच्या कानावर घालतात की तिचा तुझ्यावर जीव आहे, आणि तिच्या मैत्रिणी तिच्या. सिनेमात हा डाव दोघांच्या लगेच लक्षात येतो आणि ते उलट प्रेमाचं नाटक करायला लागतात. तो भाग मला आवडलाच. माझं भांडण सुरुवातीच्या रुसव्याशी आहे.

ड-३०२: म्हणजे मोबाइलने रोमकॉमची वाट लावली

क-५०४: अगदी! पूर्वी पत्र हरवायचं, गाडी चुकायची, चिठ्ठी भलत्याच्याच हाती पडायची. आता लाइव्ह लोकेशन आहे. मग लेखकांना पळवाटा शोधाव्या लागतात. किरण राव सरळ मागे गेल्या, 'लापता लेडीज'ची गोष्ट २००१ मध्ये नेऊन ठेवली. ट्रेनमध्ये नवऱ्या बदलतात, दोघींचे घुंघट सारखेच, आणि फूलला सासरच्या गावाचं नावही धड आठवत नाही. आता फोन लावणार तरी कुठे? इथे अडथळा खरा आहे, म्हणून पुढचं सगळं पटत जातं. त्याला रोमकॉम कुणी म्हणणार नाही. पण दीपक ज्या कासाविशीने फूलला शोधत फिरतो, तेवढं प्रेम समुद्रकिनाऱ्यावरच्या चार गाण्यांत मिळून नसतं.

अ-२०३ काकू: बघितलाय. दोनदा.

ड-३०२: आणि लव्ह टुडे? त्यात तर फोनच व्हिलन

अ-२०३ काकू: तो कसा?

ड-३०२: मुलीचे बाबा अट घालतात. एक दिवस एकमेकांचे फोन बदला, त्यानंतरही लग्न करायचं असेल तर बोलू

अ-२०३ काकू: अरे देवा. आमचं नाही टिकायचं.

क-५०४: 😂 ती कल्पना मला फार हुशार वाटली. फोनमुळे अडथळा उरत नाही म्हणता? मग फोनलाच अडथळा करून टाकू! मूळ तमिळ बघा, २०२२चा, प्रदीप रंगनाथनचा. त्याचंच हिंदी २०२५ मध्ये 'लवयापा' नावाने आलं, ते मी अर्ध्यावर सोडलं.

ब-४०४: लवयापा लागला त्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला, 'सनम तेरी कसम' पुन्हा लावला होता. २०१६ला पडलेला सिनेमा. नव्यापेक्षा जोरात चालला.

अ-२०३ काकू: तोही रडकाच.

ई-६०१ वहिनी: एवढी चर्चा आणि रॉकी और रानीचं नाव नाही? दोघं तीन महिने एकमेकांच्या घरी जाऊन राहतात. धर्मेंद्र-शबाना आहेत. हसवतो पण, रडवतो पण.

क-५०४: वहिनी, अर्धा आवडला. घरचे लोक हा अडथळा फोनवर मिटणारा नाही, तिथे करण जोहरला पूर्ण मार्क. रणवीर आणि तोता रॉय चौधरी 'डोला रे'वर नाचतात तेव्हा मी चक्क शिट्टी मारली. पण दुसऱ्या भागात जो तो उभा राहून भाषण देतो हो.

ई-६०१ वहिनी: भाषण नाही ते. घरात कुणी ऐकून घेत नसलं की माणूस तसंच बोलतो.

क-५०४: हे मात्र खरं असू शकेल. तरी मला लांब वाटला.

ब-४०४: काकू, मटेरिअलिस्ट्स बघा. लग्नं जुळवून देणारी बाई आहे, एकीकडे श्रीमंत माणूस, दुसरीकडे जुना कफल्लक प्रियकर

ब-४०४: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

क-५०४: उपयोग नाही. सगळ्यांनी वाचलं.

ड-३०२: मी उद्या बघणार होतो 🙏

ब-४०४: सॉरी सॉरी. मला वाटलं एव्हाना सगळ्यांचा झाला असेल

ड-३०२: आता पूर्ण सिनेमाभर मी त्या श्रीमंताच्या पायांकडेच बघणार

क-५०४: काकू, तो तुमच्यासाठी नाही. जाहिरात रोमकॉमची केली, पण हसू फारसं येत नाही. 'पास्ट लाइव्ह्ज'वाल्या सेलीन साँगचा आहे. ती स्वतः काही काळ असंच लग्नं जुळवायचं काम करायची, ते सुरुवातीला जाणवतं. उंची किती, कमाई किती, वय किती, माणसं अगदी मालाची यादी दिल्यासारखी बोलतात. तिथे मी सरसावून बसले होते. पैसा हा खरा अडथळा, मुद्द्यालाच हात घातला म्हटलं! शेवटाकडे मात्र प्रेमापुढे हिशेब बाजूला ठेवला. आधी एवढा मांडला कशाला मग?

ड-३०२: अनोरा? पाच ऑस्कर आहेत

क-५०४: काका-काकूंना? नको हं. सिनेमा जबरदस्त आहे, पण शेजारी कोण बसलंय ते बघून लावायचा.

ड-३०२: 🙈

क-५०४: माझं मत 'प्रेमलू'ला. मल्याळम, २०२४. रोबोटशी प्रेम करणारा शाहिद कपूरचा सिनेमा ज्या दिवशी लागला त्याच दिवशी हाही लागला, ९ फेब्रुवारीला. तिकडे अडथळा म्हणून नायिकेलाच यंत्र करावं लागलं. इकडे काय, तर ती मुलगी त्याच्या प्रेमात नाही, एवढंच! ती नोकरी करते, तिचं सगळं आखलेलं आहे, आणि हा मित्राबरोबर हैदराबादला येऊन नुसता धडपडतोय. कुणी दुष्ट नाही, गैरसमज नाही. तो ऑफिसातला 'जेके', म्हणजे 'जस्ट किडिंग', म्हणणारा आदी तर आमच्या ऑफिसातही आहे.

अ-२०३ काकू: सबटायटल फार पळतात गं. ह्यांचं वाचून होईपर्यंत पुढचं वाक्य येतं. मुंबई-पुणे-मुंबईसारखं काही नाही का? नुसती दोघं बोलत हिंडतात, मला अजून आवडतो.

क-५०४: २०१०चा पहिला ना? काय सिनेमा! मुलगा नापसंत करायला आलेली ती आणि रस्ता सांगणारा तो. आख्ख्या सिनेमात दोघांची नावंही कळत नाहीत. पुढच्या भागांत नावं आली, नातेवाईक आले, आणि मला कमी मजा यायला लागली.

ब-१०१ सर: मग काकू, मुळाकडेच जा. 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४. फ्रँक काप्रा. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार, बसचा प्रवास. चित्र, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा, पाचही ऑस्कर मिळालेला पहिला सिनेमा. इंग्रजीच आहे, पण डोळ्यांनीही कळतो.

रविवार, रात्र

अ-२०३ काकू: सरांचा बघितला. काळा-पांढरा म्हणून हे आधी कुरकुरले. थोड्या वेळाने म्हणतात, अगं, हा तर 'दिल है के मानता नहीं'!

ब-१०१ सर: आणि त्याआधी १९५६ला 'चोरी चोरी'.

अ-२०३ काकू: ते मी म्हटलं. मग आमचं भांडण, नर्गिस बरी की पूजा भट्ट. त्यात दहा मिनिटं बुडाली. पण ते दोन पलंगांमध्ये दोरी बांधून ब्लँकेट टाकतात आणि त्याला जेरिकोची भिंत म्हणतात ना, तिथे दोघंही गप्प झालो. फुंकर मारली तर हलेल एवढीशी भिंत, पण ओलांडवत नाही.

क-५०४: बघा! याला म्हणतात अडथळा.

अ-२०३ काकू: थांब गं. शेवटाकडे तो पैशांची सोय करायला रात्रीच निघून जातो, तिला न उठवता. ती उठते, बघते तर हा नाही. टाकून गेला असंच वाटतं तिला. तुझाच तो एका फोनवर मिटणारा गैरसमज! आणि फोन आहे बरं का. ती करते पण. बापाला.

ड-३०२: 😂😂😂

क-५०४: काकू, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. कॉलेजात असताना बघितला होता, भिंत तेवढी आठवत होती.

अ-२०३ काकू: तोवर ती दोघं इतकी आवडलेली असतात की चालून जातं गं.

क-५०४: म्हणजे मी त्या सिडनी स्वीनीला उगाच झोडपलं?

अ-२०३ काकू: ते पुढच्या शनिवारी सांगते. ह्यांनी ऑस्ट्रेलियावालाच काढून ठेवलाय. देखणे आहेत म्हणालीस ना.