डबल थंबिंग : अंगठा वर येताना अडकतो, मदत हवी आहे

बास गिटारवर व्हिक्टर वूटन या बासवादकाचं डबल थंबिंग (अंगठा खाली जाताना आणि वर येताना, दोन्ही वेळा तार वाजवणं) बसवतोय. अंगठ्याने बास वाजवायच्या या शैलीचं मूळ असं: स्वतःच्या आईसोबत वाजवताना ड्रमर उरला नाही म्हणून बासवादक लॅरी ग्रॅहमने तारांवर अंगठा आपटून बास ड्रमची आणि बोटाच्या झटक्याने स्नेअर ड्रमची जागा भरली. वूटन तोच अंगठा पिकसारखा (तार छेडायच्या छोट्या पट्टीसारखा) वर-खाली चालवतो. ऐकताना अंगावर काटा येतो!

माझा खाली जाणारा फटका स्वच्छ वाजतो, अंगठा पुढच्या तारेवर टेकतोही. वर येताना मात्र तारेत अडकतो, आवाज दबतो. दोन महिने मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून केलं, तारांची उंची कमी केली, पट्टा आखूड केला. बास चार तारांचा, तारांची जाडी 45-105 (इंचाच्या हजाराव्या भागात); नवं वाद्य सध्या शक्य नाही. वर येताना जोर मनगट फिरवून द्यायचा की अंगठ्याच्या सांध्यातून?