युनोहोस्टच्या ‘इन्स्टॉल’ बटणामागे काय काय चालतं?

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जेकार्डची (मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) डिझाइनं आजवर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरायची. त्यात फोटो दाबला जातो, कडांचे रंग एकमेकांत मिसळतात. आमच्याकडं एक ठिपका म्हणजे एक धागा, ठिपका बिघडला की मागावर नक्षी तुटकी उतरते. दोनदा माल परत आला. म्हणून ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर (४ जीबी रॅम) डेबियन (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम), त्यावर युनोहोस्ट (स्वतःच्या सर्व्हरवर ॲप बसवायला-सांभाळायला मदत करणारी प्रणाली) टाकलं आणि ब्राउझरमधून नेक्स्टक्लाउडचं (फाइली साठवायचं-वाटायचं ॲप) ‘इन्स्टॉल’ दाबलं. मधेच लाइट गेली. आता ॲप यादीत दिसतंय, उघडत नाही. नुसता उपाय नको, आतले भागही समजावून सांगा. पुढं हे मलाच सांभाळायचंय.

जुळेसोलापूरकर:
दादा, ब्राउझरमधलं पान फक्त निरोप्या. खरं काम पायथनमधला मूळ प्रोग्राम करतो आणि तोच टर्मिनलवरूनही (आज्ञा टाइप करायची खिडकी) चालवता येतो, त्यामुळं पान उघडलं नाही म्हणून काही अडत नाही.

प्रत्येक ॲपच्या पॅकेजात मॅनिफेस्ट नावाची फाइल असते. रॅम आणि जागा किती लागेल, कुठला डेटाबेस, डेबियनची कुठली पॅकेजं, सगळं तिच्यात लिहिलेलं. सोबत बॅशच्या (लिनक्सला आज्ञा द्यायची भाषा) स्क्रिप्ट, म्हणजे क्रमानं चालायच्या आज्ञांच्या फाइली: बसवायची, काढायची, अपग्रेडची, बॅकअपची, बॅकअपवरून परत उभं करायची. मागाला पुढची चाल सांगणारी तुमच्या जेकार्डची पंचकार्डंच समजा. बसवताना चूक झाली तर काढायची स्क्रिप्ट आपोआप चालून अर्धवट सामान साफ करते. पण मशीनच बंद पडल्यावर ती चालवणार कोण? तुमचं घोडं तिथंच अडलंय. ॲप काढा, लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) बघा, यूपीएस जोडून पुन्हा बसवा.

बाकी, बाहेरून आलेली प्रत्येक विनंती आधी एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडं येते, तो ती योग्य ॲपकडं धाडतो. माणसांची खाती एलडॅपमध्ये (सगळ्यांची एकच खातेवही). लॉगिन तपासायला एसएसओवॅट, हा लुआ भाषेतला तुकडा एनजिनएक्सच्या आतच बसतो. म्हणून पासवर्ड एकच पुरतो.

टॉवेलवाला_सोलापूर:
काढून पुन्हा बसवलं, चालू झालं! लई आभार. पण लेट्स एन्क्रिप्टचं (साइट खरी असल्याचं प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्र मिळेना, ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतोय. राउटरमध्ये पोर्ट ८० (वेबच्या विनंत्या आत यायचं दार) उघडलंय.

रात्रपाळी:
सुरुवातीला युनोहोस्ट स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र लावतं, त्यावर ब्राउझर विश्वास ठेवत नाही. लेट्स एन्क्रिप्ट बाहेरून पोर्ट ८० वर येऊन बघतं की डोमेन (साइटचं नाव) खरंच तुमच्या मशीनवर पोचतं का. राउटरचा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर नेटच्या कंपनीनं एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. मग तुम्ही राउटरमध्ये काहीही उघडा, बाहेरचा माणूस आत पोचत नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा.

टॉवेलवाला_सोलापूर:
१००.७२ च आहे बघा. उद्या नेटवाल्याला गाठतो. तोवर कारखान्यातल्या कारखान्यात वापरतोय. सकाळी मोराचं डिझाइन नेक्स्टक्लाउडवरून मागाकडं उतरवलं आणि मोठं करून ताडून पाहिलं, ठिपका न् ठिपका जागेवर आहे.