बर्लिंग्टन रेल्वेचा जमीनविक्रीचा नकाशा: छापलेली गावं खरी होती का?

अक्षांश
अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या बर्लिंग्टन अँड मिसुरी रिव्हर रेल्वेचा १८७०च्या दशकातला नकाशा अभ्यासतोय, सरकारने कंपनीला दिलेली जमीन विकण्यासाठी काढलेला. पूर्वेकडून पश्चिमेला गावं चक्क एबीसीडीच्या क्रमाने येतात: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमॉन्ट, ग्रॅफ्टन, हार्वर्ड, इनलँड, ज्युनियाटा, केनसॉ, लोवेल. रुळांच्या दोन्ही अंगांना सलग रंगवलेला पट्टा आहे. तो सगळा कंपनीचा होता का? आणि गावं वसलेली होती की नुसती कागदावर?

चौरसमैल
सलग रंगावर अजिबात विसंबू नका. सरकारी मोजणीतली टाउनशिप ६ मैल बाय ६ मैल, तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. रेल्वेला त्यातले विषम क्रमांकच मिळाले, तेही आधी कुणी हक्क न सांगितलेले. सम सेक्शन सरकारकडे राहिले, त्यात १६ आणि ३६ शाळांसाठी. म्हणजे पट्टा नाही, बुद्धिबळाचा पट.

क्रमांक घालताना हमखास चूक होते. १ हा ईशान्य कोपऱ्यात, तिथून पश्चिमेला ६ पर्यंत. ७ बरोबर ६च्या खाली, मग पुन्हा पूर्वेला. नांगराचे बैल वळतात तसं. सगळ्या ओळी डावीकडून मोजल्या की पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीत सम-विषम उलटतं आणि सरकारी जमीन रेल्वेच्या नावावर जाते.

फलाट
गावांचं सांगतो. वर्णक्रम ही नावं एकाच कचेरीतून ठरल्याची खूण. नाव छापलंय म्हणून वस्ती होतीच असं नाही. तीन नोंदी ताडून पाहा: काउंटीच्या (तिकडच्या जिल्ह्याच्या) नोंदणी कचेरीत लेआउट दाखल झाल्याची तारीख, पोस्ट ऑफिस सुरू झाल्याची तारीख, १८८०ची जनगणना. नुसत्या लेआउटवर थांबू नका. प्लॉट पाडले एवढंच त्यातून कळतं, घरं बांधली हे नाही.

हेस्टिंग्ज मात्र नक्की बघा. ते इनलँड आणि ज्युनियाटाच्या मधे येतं, म्हणजे 'आय'नंतर 'एच'. क्रम मोडतो, कारण हे गाव कंपनीच्या यादीतलं नव्हे. १८७२ मध्ये सेंट जोसेफ अँड डेन्व्हर सिटी रेल्वेचे रूळ तिथे बर्लिंग्टनला छेदून गेले. अॅडम्स काउंटीचं मुख्यालय आधी ज्युनियाटाला होतं. दशक सरायच्या आत ते हेस्टिंग्जला गेलं. दोन रेल्वेंच्या छेदापुढे वर्णक्रमातलं गाव टिकलं नाही. लोवेलचीही तीच गत: केअर्नी काउंटीचं मुख्यालय तिथून मिंडेनला गेलं.

अक्षांश
हेस्टिंग्जचा मुद्दा फारच कामाचा. आपल्याकडे जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने) असे नकाशे का काढले नाहीत?

चौरसमैल
विकायला जमीनच नव्हती. जीआयपीला रुळांपुरती जागा सरकारकडून फुकट आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी. आजूबाजूची शेतजमीन दिलीच नाही, मग शेतकरी बोलावून ती खपवायची गरज कुठून येणार?

फलाट
अंतरं मोजायची असतील तर नदीचं वळण धरू नका. असल्या नकाशांत कंपनी आपली रेघ जाड आणि सरळ करून घेते, तेव्हा नदीही सरकते. टाउनशिपचे कोपरे धरा, किमान तीन, आणि ते सरकारी मोजणीच्या नकाशावर बसवा. नाव कोपऱ्यापासून किती हटलंय ते लगेच दिसतं.