रेशनचं धान्य चालू होईना, अर्जाची पोचपण देत नाहीत. काय करावं?

नमस्कार मंडळी, सोलापुरात विडी घरकुलला राहतो. आईच्या नावावर केशरी कार्ड आहे, बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसतोय, पण धान्य चालू नाही. घरात पाच जण, आई विड्या वळते, उत्पन्नाचा दाखला 48 हजारांचा आहे म्हणजे शहरासाठीच्या 59 हजारांच्या आतच. प्राधान्य कुटुंबात, म्हणजे रेशनचं धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, नाव लागलं तर माणशी 5 किलोप्रमाणे महिन्याला 25 किलो मिळेल, आमच्यासाठी लई मोठी गोष्ट आहे ती.

तीनदा जाऊन आलो रेशन ऑफिसला. पहिल्यांदा सर्व्हर डाऊन, दुसऱ्यांदा हमीपत्र नाही म्हणून परत पाठवलं, तिसऱ्यांदा सगळं नेलं तर कागद न बघताच "इष्टांक संपलाय, नंतर या" म्हणाले (इष्टांक म्हणजे धान्य मिळणाऱ्या लोकांचा ठरवून दिलेला कोटा). नंतर म्हणजे कधी, ते सांगत नाहीत. पोच मागितली तर आईवरच ओरडले, आई एक दिवसाची मजुरी बुडवून आली होती ओ, लई वाईट वाटलं.

सगळ्यांचे आधार लिंक आहेत, ईकेवायसी झालंय. 1967 या रेशनच्या हेल्पलाइनला फोन लावला, लागला नाही. दुकानदार चांगला आहे, पण त्याच्या हातात काय नाही. एजंटला पैसे द्यायचे नाहीत, तो सल्ला प्लीज नको.

इष्टांक खरंच शिल्लक आहे का हे कुठं बघता येतं? आणि अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार कुणी केली आहे का, अर्जात नेमकं काय लिहिलं आणि पोच कशी मिळवली?