उत्तर: उत्तर: एनबीएतला सर्वांत मोठा कोच कोण?

शिकागोकर:

मंडळी, क्रीडा समितीच्या मेलमध्ये कोणीतरी जाता जाता लिहून गेलं की सॅन अँटोनियो स्पर्सचा पॉपोविच हा एनबीएतला (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) आजवरचा सर्वश्रेष्ठ कोच, आणि त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

फिल जॅक्सन: ११ विजेतेपदं. शिकागो बुल्सबरोबर ६, लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर ५. पॉपोविच: ५. मला तरी यात वादाला जागा दिसत नाही.

"जॉर्डन असल्यावर कोणीही जिंकेल" असं लिहिणार असाल तर आधी एवढं सांगा. बुल्सचा मायकल जॉर्डन १९८४ मध्ये आला, जॅक्सन १९८९ मध्ये मुख्य कोच झाला आणि पहिली ट्रॉफी आली १९९१ मध्ये. मधली वर्षं जॉर्डन काय झोपा काढत होता?

बॉस्टनकर काका:

आकड्यांवरच जायचं तर बॉस्टन सेल्टिक्सच्या रेड आवरबॅकची ९, आणि त्यातली ८ ओळीने, १९५९ ते १९६६. सलग आठ पुन्हा कोणाला जमली का, ते बघ.

पण माझा मुद्दा आकड्यांचा नाही. जॅक्सनच्या शेजारी असिस्टंट टेक्स विंटर बसायचा आणि तो ट्रँगल ऑफेन्स (तीन खेळाडूंच्या त्रिकोणावर बेतलेली आक्रमणाची पद्धत) जॅक्सनचा नव्हे, विंटरने घडवलेला. आवरबॅकच्या शेजारी कोणीही नसायचं, असिस्टंट कोच ही चैनच नव्हती. खेळाडू हुडकायचे त्याने, सौदे करायचे त्याने, पंचांशी भांडायचं त्याने, आणि सामना खिशात आला की बाकावर बसून सिगार पेटवायचा, तोही त्यानेच. १९५६ मध्ये मकॉली आणि हेगन असे दोन खंदे खेळाडू सेंट लुइसला देऊन त्याने बिल रसेल या नव्या खेळाडूला घेण्याचे हक्क मिळवले. १९५० मध्ये चक कूपरला घेतलं, तो एनबीए ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडून घ्यायची दरवर्षीची फेरी) निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९६४ च्या डिसेंबरात सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. तो काळ आठवा आणि मग बोला.

सॅन अँटोनियोकर वहिनी:

काका, तुमचा मान राखून दोन शंका. आवरबॅक बॉस्टनला आला १९५० मध्ये. रसेल येईपर्यंत सहा मोसम, विजेतेपदं शून्य. आणि तो कोचच्या खुर्चीतून उठल्यावर रसेलने खेळता खेळता स्वतः कोच म्हणून १९६८ आणि १९६९ ची ट्रॉफी आणली. मग श्रेय नक्की कोणाचं? शिवाय तेव्हा लीगमध्ये संघ आठ-नऊ, आणि बहुतेक वर्षी प्ले-ऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या) दोन मालिका जिंकल्या की काम झालं. आता चार जिंकाव्या लागतात.

आता माझ्या माणसाबद्दल. त्याची सुरुवात काही फार शोभेची नाही, ते आधीच सांगते. १९९६ मध्ये पॉपोविच जनरल मॅनेजर होता. त्याने बॉब हिलला काढलं आणि स्वतःच कोचच्या खुर्चीत बसला. डेव्हिड रॉबिन्सन जखमी, त्या मोसमात २० जिंकले, ६२ हरले, आणि बक्षीस म्हणून ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीच्या लॉटरीत (ती तळाच्या संघांसाठीच असते) टिम डंकन मिळाला. नशीब म्हणा हवं तर.

पण पुढे बघा. १९९९ चा स्पर्स संघ म्हणजे दोन उंच माणसं, संथ खेळ, कडक डिफेन्स. खरं सांगायचं तर बघायला कंटाळवाणा. २०१४ चा संघ बघा: चेंडू कोणाच्या हातात टिकतच नाही. पार्कर आणि डियाव फ्रान्सचे, जिनोबिली अर्जेंटिनाचा, स्प्लिटर ब्राझीलचा, मिल्स ऑस्ट्रेलियाचा, बेलिनेली इटलीचा. मायामीला ४-१ ने हरवलं आणि जिंकलेले चारही सामने १५ किंवा त्याहून जास्त गुणांनी. कोच तोच, खेळ पूर्ण वेगळा. जॅक्सनने शिकागोतही ट्रँगल खेळवला आणि एलएमध्येही ट्रँगलच. न्यूयॉर्कला अध्यक्ष म्हणून गेला तेव्हाही ट्रँगलच हवा होता; तिथे काय झालं ते निक्सवाल्यांना विचारा.

आणि पॉपोविच सगळ्यांदेखत झापायचा तो डंकनला. डंकन मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मग बाकीच्यांची काय बिशाद!

खजिनदार:

कृपया "सर्वांना उत्तर" दाबताना विचार करा. कोजागिरीच्या मसाला दुधाची वर्गणी अजून अर्ध्या घरांची यायची आहे.

सॅक्रामेंटोकर:

वर्गणी पाठवली. आता या वादात आपल्या माणसाचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून मी घेतो: विवेक रणदिवे. मुंबईचे, २०१३ पासून सॅक्रामेंटो किंग्जचे मालक. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्या संघाने कोच माइक मलोनला काढलं, तेव्हा ११ विजय आणि १३ पराभव होते आणि मुख्य खेळाडू कझिन्स मेनिंजायटिसने घरी बसला होता. त्याच मलोनने २०२३ मध्ये डेन्व्हरला ट्रॉफी मिळवून दिली. (डेन्व्हरनेही त्याला २०२५ मध्ये साखळीचे तीन सामने उरले असताना घरी पाठवलं, म्हणजे हा रोग काही फक्त आमच्याकडे नाही.) कोच मोठा व्हायला आधी खुर्ची टिकावी लागते. पॉपोविचला २९ मोसम मिळाले. त्याला काढणार कोण होतं?

शिकागोकर:

अगदी! वहिनी, २०१३ ची मायामीविरुद्धची फायनल बरी विसरलात. सहावा सामना, २८ सेकंद उरलेत, स्पर्स ५ गुणांनी पुढे. शेवटच्या क्षणांत डंकन कुठे होता? बाकावर. कोणी बसवलं? फरक तीनवर आला, मग मायामीच्या लेब्रॉनचा नेम चुकला, रिबाउंड (नेम चुकून परतलेला चेंडू) बॉशने घेतला, चेंडू रे ॲलनकडे, थ्री (तीन गुणांची बास्केट), बरोबरी. ओव्हरटाइममध्ये हरले, सातवाही हरले.

आणि जॅक्सनचं सगळ्यात मोठं काम ११ मध्ये मोजलंच जात नाही. १९९३-९४, जॉर्डन बेसबॉल खेळायला गेलेला. आदल्या मोसमात ५७ विजय, जॉर्डनशिवाय ५५! त्याच प्ले-ऑफमध्ये निक्सविरुद्ध १.८ सेकंद उरले असताना जॅक्सनने शेवटचा नेम मारायचं काम कुकोचला दिलं, संघाचा मुख्य खेळाडू पिपेन रुसला आणि मैदानात उतरलाच नाही. कुकोचने बास्केट केली, सामना जिंकला. नंतर लॉकर रूममध्ये जॅक्सनने भाषण ठोकलं नाही. तुमचं तुम्ही मिटवा म्हणाला आणि बाहेर पडला. संघातला बिल कार्टराइट रडत रडत पिपेनशी बोलला. संघ फुटला नाही, मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली.

सॅन अँटोनियोकर वहिनी:

५५ विजय मान्य. ११ पेक्षा हा मुद्दा कितीतरी चांगला आहे, आधीच काढायचा होतास.

डंकनला बसवणं चुकलंच. थ्री अडवायला चपळ माणसं हवी होती हा विचार होता, पण रिबाउंडला उंची लागते. मात्र त्या हारीनंतर बहुतेक संघ कोसळले असते. हा पुढच्याच वर्षी त्याच मायामीसमोर परत आला, आणि निकाल वर दिलाच आहे. काका, रसेलला कोच केल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्याच रांगेतलं म्हणून सांगते: २०१४ मध्ये बेकी हॅमन या महिलेला पूर्णवेळ असिस्टंट कोच म्हणून घेणाराही पॉपोविचच.

बॉस्टनकर काका:

रसेलचं मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. १९६६ ची फायनल, पहिला सामना लेकर्सकडून हरलो. आवरबॅकने लगेच जाहीर केलं की पुढचा कोच रसेल, एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. वर्तमानपत्रांत पराभवाऐवजी रसेलच गाजला. मालिका सात सामन्यांत जिंकली आणि हा उठला. वय ४८. मग ऑफिसात बसून बर्ड, मकहेल, पॅरिश असे खेळाडू गोळा केले. तुमच्या पॉपोविचला कधी उठायचं ते कळलं नाही, वहिनी. २०१९ नंतर त्याच्या हाताखाली एकदाही प्ले-ऑफ नाही, २०२३-२४ मध्ये २२ विजय आणि ६० पराभव.

सॅन अँटोनियोकर वहिनी:

त्या २२-६० च्या संघात वेंबान्यामा नावाचा एक पोरगा पहिल्या वर्षाला होता, काका. मोसमाअखेर सर्वोत्तम नवोदित म्हणून एकमताने निवडला गेला. तेव्हा पॉपोविच उठून गेला असता तर त्याला शिकवायला कोण होतं?