मदत हवी आहे: बुऱ्हाणपूर एका दिवसात, पायी (येत्या रविवारी!)

तापीकाठ
मंडळी, येत्या रविवारी बुऱ्हाणपूर. शक्यतो पायीच फिरायचं, रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्यात अर्धा दिवस घालवायचा नाही. यादी अशी: शाही किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा, आहुखाना, राजा जयसिंगाची छत्री, काळा ताजमहाल, दरगाह-ए-हकीमी, गुरुद्वारा, असीरगड. क्रम कसा लावू? दुपारी जेवायचं कुठे? लवकर सांगा, तिकीट काढायचं आहे.

रावेरकर
असीरगड पायी? वीसेक किलोमीटर आहे भो, वर गड चढायचा तो वेगळाच. निघणार कुठून, रेल्वेने का गाडीने, किती जण, काहीच नाही लिहिलं तुम्ही.

तापीकाठ
तिकीट म्हटलं म्हणजे रेल्वेच ना. भुसावळहून, चौघं.

रावेरकर
तिकीट किल्ल्यालाही लागतं!

सातपुडा_पायवाट
भाऊ, स्टेशन गावात नाही, लालबागला आहे. कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालची जुनी पाणीव्यवस्था, त्याच बाजूला. तेव्हा उतरल्या उतरल्या तिथली रिक्षा करा, तो आधी उरका, मग तीच रिक्षा गावात सोडेल. उलटं केलंत तर संध्याकाळी दमलेल्या पायांनी परत तिकडेच जावं लागतं. आम्ही केलंय, सांगतो. लिफ्टने ऐंशीएक फूट खाली उतरलं की पायाखाली झुळझुळ पाणी आणि वर कुंडीच्या तोंडाएवढं गोल आकाश. १६१५ चं काम आहे. सातपुड्यातून झिरपणारं पाणी कुंड्या जोडून नुसत्या उतारावर गावात आणलं, पंप नाही की मोट नाही. लिफ्ट चालू आहे का, ते मात्र वरच विचारा.
पायी फिरायचं ते फक्त गावात: गांधी चौक, जामा मशीद, मग किल्ला, शेवटी तापीवरचा राजघाट. आहुखाना तापीपलीकडे जैनाबादला, छत्री गावाबाहेर. दोन्ही यादीतून काढा.

फारुकी_काळ
मशिदीत नुसते मिनार बघून बाहेर पडू नका. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा, खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांची वंशावळ सांगणारा. मशिदीत देवनागरी अक्षरं! तिथे दहा मिनिटं उभे राहा. आणि ‘काळा ताजमहाल’ हे गाइडांनी पाडलेलं नाव. ती शाहनवाज खानाची कबर, मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाचा मुलगा तो.
आहुखाना काढा म्हणणाऱ्यांना मात्र माझा विरोध. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारली, आधी आहुखान्यातच पुरली, काही महिन्यांनी आग्र्याला नेली. ते नाही बघायचं तर जायचं कशाला?

सातपुडा_पायवाट
पायी म्हणालेत ते. तुमच्या मुमताजसाठी तापी पोहून जायची का?

एरंडोलची_सून
एवढं मध्य प्रदेशात जाण्यापेक्षा आमच्याकडे या. झुलत्या मनोऱ्यांचं फरकांडं बघा, पारोळ्याचा किल्ला बघा. जेवायला शेवभाजी, शेतात भरीत पार्टी. कुणी येतच नाही.

फारुकी_काळ
ताई, बुऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती. परक्या मुलखात नाही पाठवत आहोत त्यांना.

एरंडोलची_सून
होती ना. आता हिंदीत पत्ता विचारावा लागतो.

प्रवासी_पक्षी
मुक्कामासाठी स्टेशनजवळ नका थांबू, गावात थांबा. खोली आधी बघून घ्या, गरम पाणी येतं का तेही.

तापीकाठ
मुक्काम कुणी विचारला? रात्री घरी यायचंय. जेवणाचं सांगा.

खवय्या_जळगाव
मांडे! बुऱ्हाणपूरला जाऊन मांडे खाल्ले नाहीत तर फुकट.

एरंडोलची_सून
मांडे तर आमच्या घरी अक्षय्य तृतीयेला होतात, पुरणाचे, खापरावर. त्यासाठी रेल्वे कशाला?

खवय्या_जळगाव
ते नाही हो ताई. तिथला मांडा म्हणजे रुमाली रोटीचा थोरला भाऊ. कारागीर हातांवर फिरवत फिरवत ताटाच्या बाहेर जाईल एवढी रोटी करतो आणि उलट्या कढईवर टाकतो. सोबत मटण.

तापीकाठ
आम्ही शाकाहारी आहोत.

खवय्या_जळगाव
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं राव.

रावेरकर
चौघं म्हणजे कोण कोण?

तापीकाठ
मी, बायको, मुलगा, आई. आईचं वय ७१, गुडघे दुखतात, पण चालते हळूहळू.

सातपुडा_पायवाट
आणि तुम्ही दरगाह, गुरुद्वारा, असीरगड एका दिवसात पायी करणार होतात! ऐका आता. गांधी चौकात सावलीत बसायला जागा शोधा. मशीद झाली की आईंना रिक्षाने किल्ल्याच्या दारापर्यंत न्या. तिथल्या हमामखान्याच्या, म्हणजे शाही न्हाणीघराच्या, छतावरची फुलापानांची चित्रं त्यांना आवडतील, पण पायऱ्या त्यांच्या तब्येतीने घ्या. राजघाटावर चारनंतर. बारा वाजता घाटाचा दगड नुसता भाजतो, महिना कुठलाही असो.

खवय्या_जळगाव
मग शाकाहारी सांगतो. सकाळी पोहे, दुपारी साधी थाळी, चारला मावा जलेबी. काळपट, जाडजूड, एकात पोट भरतं. घरी न्यायला दराबा नावाची तिथली मिठाई, ती टिकते.

तापीकाठ
एक राहिलंच. रविवारी संकष्टी आहे, आईचा उपास. तिला तिथे काय मिळेल?

रावेरकर
भो, तुम्ही हप्त्याहप्त्याने सांगता.
केळी. रावेरच्या पट्ट्यातून जाताय, केळ्याला काय तोटा.

एरंडोलची_सून
शेंगदाण्याचा लाडू आणि साबुदाण्याची खिचडी डब्यात घरूनच न्या. बाहेरच्या खिचडीत हळद घालतात, कढीपत्ता घालतात, आमच्याकडे चालत नाही.

खवय्या_जळगाव
मावा जलेबी चालेल की. मावा आणि आरारूट, दोन्ही उपासाचं.

फारुकी_काळ
काही ठिकाणी मैदा घालतात. मग मोडला ना उपास.

खवय्या_जळगाव
जलेबी खाऊन मोडलेला उपास गणपती मोजत नाही.

तापीकाठ
आईला वाचून दाखवलं. म्हणते, मैदा आहे का ते दुकानात मी स्वतः विचारीन, तू विचारलंस तर तो तुला फसवेल. असीरगड, छत्री, आहुखाना काढले. तिकीट काढतोय.